घोडा कुठं बघतोय?



रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचं, हा तसा वेडेपणाच. तुमच्यासमोर चित्र नाही आणि माझ्या हातात ते दाखवायला काठी नाही. पण आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्या माणसांचं अर्धं काम आवाजाचंच होतं. एका हातानं चित्र दाखवायचं आणि तोंडानं गोष्ट सांगायची. त्यातला चित्राचा वाटा मला इथं देता येणार नाही. आवाजाचा जमेल तेवढा देतो.

माझं बालपण वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरचं. तेव्हा आमचा तालुका अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. गावाच्या नावातच पीर आहे. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो आणि बिरबलनाथ महाराजांची यात्राही भरते. आम्हा पोरांना दोन्ही सारखीच. दोन्हीकडे रेवड्या, पाळणे आणि बायस्कोपवाला. पत्र्याचा रंगीत डबा, त्याला गोल भोकं, भोकांना भिंगं. दहा पैसे देऊन डोळा लावायचा. आत ताजमहाल सरकायचा, कुतुबमिनार सरकायचा, मग ती सुप्रसिद्ध जाडजूड धोबीण यायची आणि शेवटी एखादी सिनेनटी. वरून बायस्कोपवाला दांडा फिरवत, खुळखुळा वाजवत, सूर लावून सगळ्यांची ओळख करून द्यायचा. एका उरुसात त्याचा घसा पार बसला होता. तो बिचारा नुसता दांडा फिरवत राहिला. आम्ही डबा सोडला तो ‘पैसे परत दे’ असं ओरडतच. चित्रं नेहमीचीच होती, एकही कमी नव्हतं. तरी आम्हाला फसवल्यासारखं वाटलं.

त्याच जत्रेत आणखी एक दुकान असायचं. जमिनीवर पोतं अंथरून चित्रं मांडलेली. त्यात ‘जशी करणी तशी भरणी’चं चित्र हमखास. खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढताहेत, मापात मारणाऱ्याला उलटं टांगलंय, कुणाला तेलाच्या कढईत सोडलंय. ते चित्र न्हाव्याच्या दुकानातही असायचं. मान खाली घालून केस कापून घेताना मी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघायचो. मदरशात ऐकलेला दोजख आणि त्या चित्रातला नरक यांत मला काही फरक दिसत नसे. कढई तीच, तेल तेच.

आमच्या घरात मात्र भिंतीवर एकही चित्र नव्हतं. घरात तसबीर असली की फरिश्ते येत नाहीत, अशी श्रद्धा. पण चांदोबाचे अंक होते. अब्बा शिंपीकाम करायचे. त्यांच्याकडे कपडे शिवायला येणारे एक गुरुजी जुने अंक आणून द्यायचे. अम्मा ते लोखंडी पेटीत कपड्यांखाली ठेवायची. इशाची नमाज झाली, जेवणं आटोपली की पेटी उघडायची. अम्माला अक्षरओळख नव्हती. मी मराठी वाचायचो आणि ती चित्रं बघायची. शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेलं विक्रम-वेताळाचं चित्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, पायाखाली कवट्या. अम्मा ते फार वेळ बघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बाया जमल्या की तोच अंक मांडीवर घेऊन ती आमच्या बोलीत गोष्ट सांगायची. तिच्या गोष्टीत ते प्रेत परगावी कामाला जाऊन मेलेल्या मजुराचं व्हायचं आणि राजा त्याला त्याच्या आईकडं पोचवायला निघालेला असायचा. मी म्हणायचो, “अम्मा, असं लिहिलेलं नाही.” ती म्हणायची, “तुझं लिहिलेलं तू वाच. मी दिसतं ते सांगते.”

अम्मा जे करत होती त्याला मराठीत जुनं नाव आहे, हे मला बी.ए.च्या वर्षांत कळलं. चित्रकथी.

चित्र दाखवून गोष्ट सांगणं हा आपल्याकडचा फार जुना उद्योग. पतंजलीच्या महाभाष्यात कंसवधाची चित्रं दाखवणाऱ्यांचा उल्लेख येतो. ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन फिरतो. यमपट म्हणजे यमलोकातल्या शिक्षांची चित्रं असलेलं कापड. ते दाखवत, गात तो घराघरांत शिरतो आणि राक्षसाची मुद्रा असलेली अंगठी घेऊन परत येतो. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त तर एक प्रसंगच आहे. वडील आजारी असल्याचं कळून हर्ष घाईनं परतत असतो. वाटेत बाजारात त्याला यमपट दाखवणारा दिसतो. भोवती मुलांचा गराडा. काठीला टांगलेल्या पटावर रेड्यावर बसलेला यम, आणि हा माणूस हातातल्या बोरूनं एकेक चित्र दाखवत सांगतो आहे. ते वाचताना मला मंगरूळपीरच्या उरुसातलं पोतं आठवलं. मधे तेराशे वर्षं गेली, पण गराडा मुलांचाच.

आपल्या वऱ्हाडातही चित्रकथी होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिविषयक ग्रंथात नोंद आहे, की १९०१च्या शिरगणतीत वऱ्हाडात सुमारे दीड हजार चित्रकथी मोजले गेले आणि त्यांतले बहुतेक अमरावती जिल्ह्यात होते. म्हणजे माझ्या पणजोबांच्या काळात हे लोक आमच्या भागातल्या पारावर येऊन बसत असणार. आता गावात जुन्या माणसांना विचारलं तर वासुदेव आठवतो, पिंगळा आठवतो, बहुरूपी आठवतो. चित्रकथी कुणाला आठवत नाही.

आणि चित्रांतून गोष्टीचं सगळ्यांत मोठं काम झालं, त्याची एक दोरी वाशीमलाच बांधलेली आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा हरिषेण राजा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत होता. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरवून भिक्षुसंघाला दिलं. त्याचा शिलालेख तिथं आहे. शेजारचं सतरा नंबरचं लेणं हरिषेणाच्या एका मांडलिकाच्या काळातलं. त्यात विश्वंतर जातक आहे. दान देत देत राजपुत्र हत्ती देतो, रथ देतो, पोटची मुलं देतो आणि शेवटी बायकोही देतो. सिंहलाची गोष्ट आहे, सहा सुळ्यांच्या हत्तीची आहे.

मी पहिल्यांदा अजिंठ्याला गेलो तेव्हा त्या भिंतीसमोर गोंधळून उभा राहिलो. सुरुवात कुठं, शेवट कुठं, काही कळेना. नंतर वाचनात आलं, की तिथले बरेच प्रसंग काळाच्या ओळीनं मांडलेलेच नाहीत. ते ठिकाणाप्रमाणे मांडलेले आहेत. राजवाड्यातलं सगळं एकीकडं, अरण्यातलं सगळं दुसरीकडं. गोष्ट पुढं जाते तशी बघणाऱ्याची नजर इकडून तिकडं न्यावी लागते. ती न्यायची कुणी? मला वाटतं, हातात दिवा घेतलेला कुणीतरी भिक्षू तिथं उभा असणार. “हा पाहा राजपुत्र, आता इकडं या, ही त्याची मुलं.” तो भिक्षू गेला आणि भिंत राहिली. आज आपण तिकीट काढून ती भिंत बघतो.

आता वऱ्हाडातून थेट कोकणात जाऊ. कारण महाराष्ट्रात चित्रकथी टिकून आहे ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात. तिथला ठाकर आदिवासी समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला सांभाळतो. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. कोणत्या देवळात कोणत्या घरानं कथा सांगायची, हेही ठरलेलं असे. शिवकाळात आपल्या पूर्वजांनी या फिरतीच्या आडून हेरगिरी केली, असं तिथले लोक सांगतात. चाणक्याच्या हेराची आठवण यावी, असंच ते आहे.

एका कथेची तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त चित्रं असतात. त्या संचाला पोथी म्हणतात. चित्रं साधारण हातभर लांबीच्या कागदावर, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. म्हणजे एक प्रसंग संपला की पान उलटायचं आणि पुढचा प्रसंग हजर. माणसांचे डोळे मोठे, चेहरे बहुतेक एका बाजूनं दिसणारे, युद्धात बाणांची जाळी. मुख्य सांगणारा वीणा घेऊन बसतो, साथीला हुडूक आणि टाळ. तो ओवी म्हणतो, मग गद्यात बोलतो, रावणाचा आवाज काढतो, सीतेचा काढतो, आणि साथीदार ‘जी जी’ करत सूर धरतात. रामायण-महाभारतातल्या कथा असतात. पण पंडितांच्या पोथीत न सापडणारे प्रसंगही बिनदिक्कत येतात. मला अम्माचा मजूर आठवतो तो इथंच. अशाच चित्रांचा मोठा साठा पैठणला मिळाला, म्हणून त्यांना पैठणची चित्रं असंही म्हणतात. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ती बघायला मिळतात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं आणि आयुष्यभर ही कला लावून धरली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

राजस्थानात हेच काम कापडावर चालतं. त्याला फड म्हणतात. पाबूजीची फड पंधरा-एक फूट लांब असते, देवनारायणाची त्याहून मोठी. रात्री गावात फड उभारतात. भोपा रावणहत्था वाजवत गातो आणि भोपी दिवा धरून चालत राहते. ज्या प्रसंगाचं गाणं, तेवढ्याच भागावर उजेड, बाकी अंधार. फड जीर्ण झाली की ती कुठंही टाकत नाहीत, पुष्करच्या पाण्यात विसर्जित करतात. त्याला फड ‘थंडी करणं’ म्हणतात. म्हणजे तोवर ती जिवंत आणि गरम असते.

आता बंगालच्या पटुआंविषयी. इथं मला थोडं थांबावं लागेल, कारण ही गोष्ट माझी स्वतःचीही आहे.

पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात पिंगला भागात नया नावाचं गाव आहे. तिथले पटुआ कागदाच्या लांब पट्टीवर एकाखाली एक चित्रं काढतात, मागून कापड लावतात आणि गुंडाळी उलगडत, बोटानं दाखवत गातात. आडनाव सगळ्यांचं चित्रकार. ते गातात रामायण, मनसादेवीची कथा, बेहुला-लखिंदरची कथा, आणि सत्यपीर व वाघावर बसणाऱ्या गाझीपीराचीही. आणि हे बहुतेक सगळे मुसलमान आहेत. अनेकांना दोन नावं असायची, एक हिंदू आणि एक मुसलमान. पूर्वी दोन्हीकडचे लोक त्यांना नाक मुरडायचे. एकाला वाटे हे मूर्तीची चित्रं काढतात, दुसऱ्याला वाटे आमच्या देवांची कथा यांच्या तोंडी कशी? तरी त्यांनी गाणं सोडलं नाही. २००४ची त्सुनामी आली, तिचेही पट झाले. टायटॅनिक बुडाल्याचाही पट आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कवितावाचनाला गेलो होतो. मी सीतेवरची एक कविता वाचली. कार्यक्रमानंतर एका सज्जन गृहस्थांनी मला चहा दिला आणि अगदी प्रेमानं विचारलं, “तुम्हाला हो ही सीता कुठं भेटली?” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी तो चहा मला गोड लागला नाही. तीस वर्षं मराठीत लिहितो आहे. शेख महंमदांपासून शाहीर सगनभाऊ आणि शाहीर अमर शेखांपर्यंतची नावं सांगून झाली आहेत. दर वेळी ती यादी खिशातून काढून दाखवावी लागते, ओळखपत्रासारखी. त्या दिवशी मी काही बोललो नाही. घरी येताना बसमध्ये उत्तर सुचलं. मला सीता भेटली ती अम्माच्या मांडीवर, चांदोबाच्या पानात. अशोकवनातली सीता बघून अम्मा म्हणाली होती, “बिचारी के पास बैठने को चटाई भी नहीं.” माझी कविता त्या चटईवरचीच होती.

त्यानंतर नागपूरच्या एका हस्तकला मेळाव्यात मला पटुआ भेटल्या. एक मध्यमवयीन बाई पट मांडून बसल्या होत्या. एका गिऱ्हाइकानं बेहुलेचा पट उचलला, भाव केला, पैसे दिले. बाईंनी विचारलं, “गाना सुनेंगे?” ते म्हणाले, “टाइम नहीं है, फ्रेम करवाना है।” आणि गुंडाळी काखेत मारून निघून गेले. मी तिथंच बसलो. बाईंनी दुसरा पट उलगडला आणि गायल्या. मला बंगाली येत नाही. पण बोट चित्रावर सरकत होतं आणि साप कुठं आला, नवरा कधी गेला, बेहुला केळीच्या तराफ्यावर प्रेत घेऊन कशी निघाली, ते सगळं समजत होतं. पुन्हा एक प्रेत आणि त्याला घेऊन निघालेलं एक माणूस. अम्माला ती बेहुला नक्की आवडली असती.

जगभर फिरून आलं तर हीच जोडी दिसते, चित्र आणि आवाज. जर्मनीत जत्रेतले गायक बाकावर उभे राहून, काठीनं फलक दाखवत खुनाच्या आणि पुराच्या बातम्या गायचे. जावा बेटावर ‘वायांग बेबेर’ नावाचे चित्रपट्ट उलगडून कथा सांगतात. जुने पट्ट आता मोजकेच उरलेत. इराणमध्ये करबलाच्या प्रसंगांचे मोठे पडदे टांगून कथा सांगणारे होते आणि ऐकणारे रडायचे. आमच्या घरात तसबीर नव्हती, पण मोहरममध्ये अम्मा करबला सांगायची तेव्हा तो पडदा तिच्या शब्दांत असायचा.

मोगल बादशहा अकबरानं तरुणपणी ‘हमजानामा’ करून घेतला. अमीर हमजाच्या साहसकथा, कापडावर काढलेली सुमारे चौदाशे मोठी चित्रं. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली काम चाललं आणि त्याला पंधरा-एक वर्षं लागली. मजकूर चित्राच्या पाठीमागं. म्हणजे एकानं चित्र धरायचं आणि वाचणाऱ्यानं वाचायचं. त्यांतली दोनशेच्या आतबाहेर चित्रं आज शिल्लक आहेत. १८८१ साली एका इंग्रज संग्राहकाला श्रीनगरमध्ये काही चित्रं मिळाली, ती खिडक्यांना लावलेली होती, थंडी आत येऊ नये म्हणून! काही पानांवरचे चेहरे खरवडलेले होते. तसबीर नको म्हणणाऱ्या हातांनी ते केलं असणार. माझ्याच धर्मातल्या एका बादशहानं ती काढवली आणि माझ्याच धर्मातल्या कुणीतरी ती खरवडली. मला दोघांचाही वारसा आहे. मी कुणाच्या बाजूनं उभा आहे, ते तुम्हाला कळलंच असेल.

जपानमध्ये १९३०च्या सुमारास ‘कामिशिबाई’ भरात आली. सायकलवर लाकडी चौकट लावून माणूस गल्लीत यायचा, लाकडाचे दोन ठोकळे वाजवायचा. पोरं जमली की आधी गोळ्या विकायचा आणि मग चौकटीतून एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. मजकूर इथंही चित्राच्या पाठीमागं. १९५३ साली तिथं टेलिव्हिजन सुरू झाला. लोक सुरुवातीला त्याला ‘विजेवरची कामिशिबाई’ म्हणायचे. त्या विजेच्या डब्यानं सायकलवाल्याला घालवलं. पण कामिशिबाई शाळांत, वाचनालयांत शिरली आणि तिथं आजही आहे. कारण शिक्षकांनी चित्रं भिंतीवर लावली नाहीत, ती हातात धरून गोष्ट सांगितली.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण चित्र जपायला शिकलो. काचेत ठेवतो, फ्रेम करतो, टपालतिकिटावर छापतो. आवाज जपायचं राहून जातं. पिंगुळीच्या पोथीतलं एक पान भिंतीवर लावलं, तर ते शोभेचं चित्र होतं. त्याच्या पाठीला चिकटलेलं दुसरं चित्र भिंतीकडं तोंड करून कायमचं गप्प बसतं. तो कलावंत आपल्या गावात, आपल्या शाळेत आला, तर चित्र विकत घेण्याआधी त्याला गायला बसवा. मानधन गाण्याचं द्या. जिथं ऐकणारे आहेत, तिथं पुढची पिढी शिकायला बसते.

शेवटी अम्माचं सांगतो आणि थांबतो.

म्हातारपणी काचबिंदूनं तिची नजर गेली. चांदोबा तेव्हा बंद झाला होता, पण पेटीतले अंक होते. एका रात्री ती म्हणाली, “ते विक्रमचं काढ.” मी अंक काढला आणि वाचू लागलो. तिनं थांबवलं. “लिहिलेलं नको. चित्र सांग.” मी म्हणालो, “राजा आहे. तलवार आहे. खांद्यावर प्रेत आहे.” ती वाट बघत राहिली. मला पुढं काही सुचेना. मी पान उलटलं. पुढच्या पानावर घोडेस्वार होता. म्हणालो, “एक राजपुत्र आहे, घोड्यावर बसलाय.”

अम्मानं विचारलं, “घोडा किधर देख रहा?”

तीस वर्षं कविता करणाऱ्या माणसानं त्या चित्राकडं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. राजपुत्र पुढं बघत होता. घोड्यानं मात्र मान वळवली होती आणि तो मागं, सुटलेल्या गावाकडं बघत होता. मी तसं सांगितलं. अम्मा हसली. म्हणाली, “उसको मालूम है.” आणि मग पुढची गोष्ट तिनं सांगितली, मी फक्त पान धरून बसलो.

आज घरी कुठलंही चित्र घ्या. कॅलेंडरचं चालेल, पाठ्यपुस्तकातलं चालेल. घरातल्या मुलाला विचारा, घोडा कुठं बघतोय? आणि तो सांगेल ते ऐका.